पहिली पेंडी कोणी रोवायची

त्या वर्षी पाऊस आला तो धानाची रोपं, आमचे परे, उगवण्यापुरता, आणि मग आमचं गाव सोडून सावली गावाच्या पलीकडे कुठे निघून गेला तो गेलाच. वाफ्यातले धानाचे परे वीतभर वाढले, दाटले, शेंड्याला पिवळे पडायला लागले. बाबा रोज सकाळी त्यातला एक उपटून आणायचे आणि अंगणात सगळ्यांना त्याची मुळं दाखवायचे.

“आखीन आठ दिस गेले तं गाठ धरते याले. मंग रोवून काय भेटते? तणीस, नुसता पेंढा.”

“तं आभाळाले दाखव ना,” आजी म्हणायची. “मले काऊन दाखवून राह्यला?”

शेवटी तलावाचं पाणी सोडायचं ठरलं. तलावाच्या पंचांत गुणवंतराव मुख्य होते, त्यांनी सगळ्यांचे नंबर लावले. आमचा नंबर गुरुवारी आला. उजाडता पाणी आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आणि दिवस मावळला की पाण्याचा नाका बंद, पाणी पुढच्याच्या बांधीत. तेवढ्यात बाबांनी नांगर-बैलानं चिखल करत पुढं जायचं आणि बायांनी मागून रोवत यायचं. ऊन असं होतं की पाणी सरकल्यावर रातोरात चिखल आवळला असता आणि त्यात बोट घुसलं नसतं. बांधी अर्धी राहिली तर वर्षाचा भात अर्धा, इतकं साधं गणित होतं.

मी मात्र खुशीत होते. एक तर नववीत गेले होते. दुसरं म्हणजे जयंतीला सावलीला भाषणांची स्पर्धा झाली, त्यात माझा पहिला नंबर आला होता. स्टीलचा पेला मिळाला, त्यावर माझं नाव कोरलेलं: विशाखा सोमाजी. विषय मीच निवडला होता, विटाळ. भाषण बाबांनी लिहून दिलं होतं. “ज्यानं माणसाला विटाळ लावला त्यानंच बाईलाही लावला, एकाच मुळावरची ही दोन झुडपं!” असं म्हणून मी हात वर केला, तेव्हा मंडपात इतक्या टाळ्या पडल्या की मला पुढचं वाक्य आठवेना. टाळ्या थांबेपर्यंत आठवलं. त्यानंतर मी पाण्याला गेले तरी भाषणाच्या आवाजातच बोलायची. आई म्हणायची, “हळू बोल वं, बादली नाई बहिरी.”

आणि तिसरं, रोवणीची पहिली पेंडी, पऱ्यांची पहिली जुडी, माझी होती.

त्याचं असं. पूर्वी आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शेंदूर लावलेला एक गोटा होता. रोवणीच्या दिवशी आजी त्याच्यापुढे कोंबडी कापायची. बाबा मिसरूड फुटायच्या वयात चांद्याला गेले, धम्माची दीक्षा घेऊन आले, आणि घरी यायच्या आधी बांधीवर जाऊन त्यांनी तो गोटा नाल्यात टाकला. आजीनं जेवण सोडलं म्हणतात. मग भूक लागली तेव्हा तिनंच विचारलं, “आता रोवणी कोनाच्या नावानं सुरू करू?” बाबांनी पुष्कळ विचार केला आणि सांगितलं की त्रिशरण म्हणायचं आणि घरच्या लेकरानं पहिली पेंडी रोवायची. लेकरू निर्मळ असते. आधी माझी आत्या रोवायची, ती सासरी गेली आणि पुढे मला चालता यायला लागल्यावर मी. धान चांगलं झालं की आजी गावभर सांगायची, “आमच्या विशाचा हात हाये.”

गुरुवारी पहाटे उठले आणि मला कळलं. पाळी नेमकी रोवणीच्या दिवशी आधी कधी आली नव्हती. न्हाणीतून परकर बदलून आले, तेवढ्यावरून आजीनं ओळखलं.

“दूर बसली का वं?”

“हव.”

“मंग आज बांधीत नोको उतरू. पेंडी मी रोवतो.”

मला वाटलं चेष्टा करते. आमच्या घरी दूर बसणं नुसतं बोलण्यापुरतं होतं. त्या दिवसांतही मी चुलीपाशी बसायची, पाणी भरायची, शाळेत जायची. लोणच्याची बरणी तेवढी आजी हातात द्यायची नाही, पण ती एरवीही देत नसे, कारण मी फार खायची.

“आजी, हे काय बोलून राह्यली? आपन मानतो का?”

“घरात नाई मानत. बांधीचं येगळं हाये. परे आधीच पिवळे.”

“परे उन्हानं पिवळे हायेत! मी तं आत्ता बसली!”

बाबा अंगणात जू बांधत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता ते बोलतील. त्यांचं वाक्यही मला पाठ होतं, एकाच मुळावरची दोन झुडपं. बाबांनी जुवाच्या दोरीची, सापतीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा सोडली.

“बाबा?”

“आजचा दिस राह्यजो घरी,” ते बैलाकडे बघत म्हणाले.

“तुमी म्हनता हे?”

“बाया येऊन राह्यल्या माय, रोवणीच्या. दहा घरच्या दहा. त्यायले समजलं अन् निघून गेल्या, तं मी कोनाले आनू? नंबर एकच दिसाचा हाये.”

“अन् भाषण? तुमीच लिवून देल्लं ना?”

“भाषण मंडपात असते. इथी धान हाये.”

बाबा बैल घेऊन निघाले. पाठमोरे, खांद्यावर नांगर. त्यांच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ होतं, आणि मला त्या ठिगळाचा राग आला. स्टीलचा पेला मी फळीवरून काढला आणि पिठाच्या डब्यामागे सारला. आई लुगड्याचा काष्टा आवळत होती. ती सगळं ऐकत होती आणि काही बोलली नव्हती. जाताना माझ्याजवळ थांबली.

“दुपारी शिदोरी तूच आनजो. धुऱ्यावरून उतरू नोको, पन आनजो.”

दिवसभर घरात बसण्यापेक्षा ते बरं होतं. भात केला, वाळल्या मासोळीची चटणी वाटली, आंबिलीचं मडकं भरलं, डोक्यावर टोपलं घेतलं. पायाखालची वाट इतकी तापली होती की मी गवताच्या कडेकडेनं पळत गेले. आमच्या बांधीत पाणी चकाकत होतं. आजूबाजूला सगळं भेगाळलेलं आणि मधे एवढा एक ओला तुकडा.

पण काम मागं पडलं होतं. केसरबाई तापानं फणफणली म्हणून आलीच नव्हती. आजी तिच्या जागी रांगेत उभी राहिली होती, आणि आजीचा हात आता बाकीच्यांना गाठत नव्हता. रोवताना सगळ्या बाया एका रांगेत वाकून मागं मागं सरकतात. एक मागं राहिली की रांग वाकडी होते, सगळ्यांना थांबावं लागतं. आजी कमरेवर हात देऊन उभी राहायची, श्वास घ्यायची, पुन्हा वाकायची. आईच्या पोटरीला जळू लागलेली होती, ती काढायलाही ती थांबली नव्हती. दिवस डोक्यावरून कलला होता आणि अर्ध्याहून जास्त बांधी उघडी होती. पलीकडच्या टोकाला बाबा बैलांना शिव्या देत चिखल करत होते.

रांगेची म्होरकी धुरपताकाकू. तिचा आवाज सगळ्या तलावावर ऐकू यायचा. तिनं मला पाहिलं.

“आली का भाषणवाली! टोपलं ठेव अन् ये इथी. केसरची जागा खाली हाये. तुह्या आजीचा दम निंघून राह्यला.”

“नाई येत,” मी म्हटलं.

“काऊन? पेल्याले चिखल लागते?”

सगळ्या हसल्या. आजी वाकलेलीच राहिली. तिनं मान थोडी वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत ‘गप राह्य’ होतं. मी गप राहणारच होते. देवाशपथ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, पण खरंच गप राहणार होते. पण धुरपताकाकू म्हणाली, “लाडाची पोर. बापानं शिकवून उन्हाले भेवाडी केली,” आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी दूर बसली हाव! म्हून मले उतरू नाई देल्लं!”

भाषणाच्याच आवाजात. बहुतेक बाबांपर्यंतही गेलं असावं, कारण बैल थांबले.

रांग थांबली. आता या निघून जातील, मला वाटलं. आता हातातले परे टाकतील, पाय धुतील, आणि बांधी अशीच राहील, माझ्या एका तोंडामुळे. 

पहिली हसली ती सुकरी. गोंड टोल्यावरून, त्यांच्या वस्तीवरून रोवणीला यायची, कमी बोलायची. ती चिखलाचा हात तोंडावर धरून हसत होती, गालभर चिखल.

“काय झालं वं हसाले?” आजी म्हणाली.

“आमच्या टोल्यात येगळी झोपडी असते बाई,” सुकरी म्हणाली. “तिथी जाऊन पडाचं, कोनी काम सांगत नाई. आज मी तिथीच असाले पाह्यजे होती.”

“म्हंजे?”

“म्हंजे हेच. कालपासून. पन नंबरवालं पानी झोपडीसाठी थांबते का? म्हटलं, आधी रोवणी करून येतो, मंग जातो झोपडीत.”

आजीच्या हातातली पेंडी तशीच राहिली. धुरपताकाकूनं कंबर सरळ केली, कडकन आवाज आला, आणि ती आजीकडे वळली.

“ठमाबाई, आता तुमाले सांगू का? एवढ्या बाया हाव, रोवणी महिनाभर चालते. महिनाभरात कोनालेच नाई येत, असं वाटून राह्यलं का तुमाले? आमी का बैल हाव?”

मग जो हशा झाला! एक बाई तर चिखलातच बसली. “मायी तं दरसाल रोवणीतच येते,” कोणी म्हणालं. “मले तं बापा पोटात पोर असलं तवाच सुट्टी,” दुसरी. आजी एकेकीचं तोंड बघत होती. शेवटी तिनं शेजारी वाकलेल्या माझ्या आईकडे पाहिलं. आई थांबली नव्हती. तिचा हात चालूच होता, तीन परे, अंगठा, खाली, तीन परे, अंगठा, खाली.

“मनकर्णा.”

“जी.”

“तू बी?”

“तुमच्या बाजूलेच,” आई म्हणाली. “कितीकदा.”

“अन् मले नाई सांगतलं?”

“तुमी इचारलं नाई. अन् इचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं.”

मला वाटलं आता आजी चिडणार. ती चिखलातून चालत माझ्याकडे आली. हळूहळू, एकेक पाय उपसत. धुऱ्याला टेकून उभी राहिली. तिची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती.

“मी नवी नवरी होती,” ती मला म्हणाली, पण सगळ्या ऐकत होत्या. “मालगुजाराच्या बांधीत रोवत होती. आपला हात त्याच्या धानाले चाले, इहिरीले नाई चाले. तशातच मले आली. मी कोनाले नाई बोलली. पन त्याच्या घरच्या बाईनं लुगडं पाह्यलं. त्या साली करपा पडला धानावर. साऱ्याच गावच्या धानावर पडला वं, एकट्या त्याच्याच नाई. तरी मले चौकात उभी केली. तुह्या आज्यानं पागोटं काढून त्याच्या पायावर ठेवलं.” तिनं ओली बोटं लुगड्याला पुसली. “इटाळ मले कधी दिसला नाई, विशा. आळ दिसला. परे पिवळे हायेत. उद्या मेले तं लोक तुहं नाव घेतीन, म्हून म्हटलं.”

आता कोणी हसत नव्हतं.  एवढं मोठं भाषण पाठ होतं आणि त्यातलं एक वाक्य या जागेला बसत नव्हतं.

धुरपताकाकूनंच तोंड उघडलं. “कोनाचं नाव घेतीन? सगळ्यायचंच घ्या लागन. सुकरीचं, मायं, मनकर्णाचं. गावात मंग रोवाले कोनी राह्यनार नाई, गुणवंतरावाले लुगडं नेसवून बांधीत उतरवू.”

आजीला हसू आलं. तिला नको होतं, पण आलं, आणि ते आवरताना तिला खोकला लागला. खोकता खोकताच तिनं हातातली पेंडी माझ्यापुढे धरली.

“घे. मायी कंबर गेली.”

मी परकर खोचला आणि उतरले. चिखल गरम होता वरून, आणि खाली पोटरीपर्यंत थंड. केसरबाईच्या जागी, सुकरी आणि आई यांच्या मधे. माझा हात चालतो हो! मी घाईत चारचार परे एकाच जागी टोचायला लागले, तेव्हा आईनं कोपर मारलं, “तीनच. जेवाले नाई घालत त्यायले.” मग मी नीट लागले. थोड्या वेळानं रांग सरळ झाली. मग वेगात सरकायला लागली. धुरपताकाकूनं गाणं लावलं, त्यात माझं नाव घातलं आणि माझ्या न झालेल्या नवऱ्याचंही, तो कसा धुऱ्यावर बसून माझं भाषण ऐकेल ते.

बाबा चिखल संपवून बैल सोडून आले. मांडीपर्यंत माखलेले. धुऱ्यावर उभे राहिले आणि रांगेत मला पाहिलं. मी मुद्दाम वर पाहिलं नाही.

“सोमाजीभाऊ, पाह्यता काय?” धुरपताकाकू ओरडली. “आमी नाई गेलो निंघून!”

बाबा आजीकडे वळले. आजी धुऱ्यावर बसून पाय चोळत होती. “परे आनून दे ना त्यायले,” ती म्हणाली. “उभा काय राह्यला पाटलासारखा?”

बाबा वाफ्याकडे धावले. खरंच धावले. मग दिवस मावळेपर्यंत ते पेंड्या वाहून आणत होते आणि आमच्या मागं हाताच्या अंतरावर टाकत होते, म्हणजे आम्हाला थांबावं लागू नये. गुणवंतरावांचा माणूस नाका बंद करायला फावडं घेऊन आला तेव्हा एक कोपरा राहिला होता. तो म्हणाला, “टाइम झाला.” आजी त्याला म्हणाली, “बस इथी, आंबील पी.” तो आंबील प्यायला. ती पिऊन होईपर्यंत आमचा कोपरा भरला.

परतताना बाबा माझ्यासोबत मागं राहिले. बैल पुढं आपले आपण चालले होते.

“मी सकाळी भ्यालो,” ते म्हणाले. “बाया निंघून जातीन म्हून.”

“कोन बाया, बाबा?”

 त्यांना धुरपताकाकूचे शब्द आठवले असावेत, आमी का बैल हाव, कारण ते एकदम खो-खो हसायला लागले, इतके की बैलांनी मागं वळून पाहिलं. मला अजून राग होता. पण बाबांना असं हसताना पाहून राग धरून ठेवणं फार कठीण असतं.

मात्र गोष्ट तिथं संपली नाही, कारण दुसऱ्या दिवशी परे आडवे झाले.

रोवल्यावर परा मान टाकतो. मुळं तुटलेली असतात, नवी फुटेपर्यंत तो पिवळा पडतो, झोपतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या वर्षी ते जास्तच पिवळे वाटले. ऊन तसंच. बांधीतलं पाणी घोट्याखाली गेलं. विहिरीवर दोघीतिघी माझ्याकडे बघून हळू बोलल्या आणि मी जवळ गेले तशा थांबल्या. मी मान ताठ ठेवून पाणी भरलं. पण रात्री डोळ्यांपुढे चौक यायचा, न पाहिलेला, आणि न पाहिलेल्या आज्याचं पागोटं. माझं भाषण तोंडात होतं आणि पोटात भीती. जर खरंच असलं तर? जर बाबांना चुकीचं कोणी शिकवलं असलं तर? भर मंडपात विटाळाची लक्तरं केली होती मी, आणि आता पहाटे उठून कोणाला न सांगता बांधीकडे पळत होते, परे जिवंत आहेत का बघायला.

धुऱ्यावर आधीच कोणीतरी बसलेलं होतं. आई.

“तू काऊन आली?” मी विचारलं.

“तू काऊन आली?”

मी तिच्याजवळ बसले. मातीला अजून रात्रीचा गारवा होता.

“आई, तुले भेव नाई वाटत?”

“आता नाई. पयल्या खेपेले लय वाटलं. तुह्याहून जास्त. धान कापेपर्यंत मी रोज इथी येत होती. मंग धान झालं. दुसऱ्या साली आखीन झालं. मंग कधी गेलं भेव, समजलंबी नाई.”

“अन् मंग बाबाच्या भाषणाचा काय उपेग? त्यानं नाई गेलं भेव?”

आईनं एक परा बोटानं सरळ केला. “तुह्या बाबाचं विहारातलं भाषण ऐकलं म्हून तं पयल्या खेपेले उतरली. नाई तं मायी काय हिंमत होती? मले वाटलं, एवढा खात्रीनं बोलून राह्यला मानूस, तं असन खरं.”

“अन् ते स्वताच भ्याले!”

“हव,” आई म्हणाली आणि हसली. “त्यायले कोनी सांगतलंच नाई ना, का बाया तशातबी रोवतेत अन् धान होते म्हून. मायीच चूक हाये ते. बोलाले पाह्यजे होतं मी.”

ती उठली, लुगडं झटकलं आणि घरी गेली, कारण दूध काढायचं होतं.

मग एके सकाळी आजीनं मला अंगणातून हाक मारली. आभाळ रात्रभर भरून होतं, थोडं शिंपडलंही होतं. “चाल वं, बांधीवर. मले हात दे.” आम्ही हळूहळू गेलो. मी मुद्दाम दूर बघत चालले होते, तलावाच्या बांधाकडे, जंगलाकडे, कुठेही. आजी थांबली तेव्हा मीही थांबले.

परे उभे होते. सगळे. पात्यांची टोकं आभाळाकडे, बुडातून नवा हिरवा रंग वर चढलेला. वारा आला तसे ते एका बाजूला झुकले आणि पुन्हा सरळ झाले.

 मी ओरडलेच. काय ओरडले आठवत नाही, पण पलीकडच्या बांधीतून बगळे उडाले.

आजी धुऱ्यावरून चालायला लागली. दर थोड्या अंतरावर थांबायची, डोळ्यांवर हात धरून रांगेरांगेतून बघायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली.

“विशा, तू रोवलेली ओळ कोन्ती?”

मी बघितलं. मी सुकरी आणि आईच्या मधे होते, धुऱ्यावरच्या जांभळीच्या झाडासमोर कुठेतरी. मी बोट वर केलं, मग दुसरीकडे नेलं, मग खाली घेतलं.

“नाई समजत, आजी.”

“अन् सुकरीची?”

“तेबी नाई समजत.”

“मलेबी नाई समजत,” आजी म्हणाली. तिनं आणखी एकदा नीट पाहून घेतलं, खात्री करून घेतल्यासारखं, आणि माझा हात धरला. “चाल मंग घरी. भूक लागली मले.”